अँटिबायोटिक देताना काय काय बघायचं? वॉर्डातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

हे प्रश्न नर्सिंगचे स्टुडंट, नव्याने जॉईन झालेल्या सिस्टर आणि ब्रदर, आणि कधीकधी पेशंटच्या नातेवाईकांकडून सतत येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. अँटिबायोटिक रोजचंच असतं, त्यामुळे ते देताना हात सवयीने चालतो आणि डोकं पुढच्या बेडवर गेलेलं असतं, बहुतेक गडबड तिथेच होते. वेगळं लिहिलं नसेल तिथे आकडे प्रौढ पेशंटचे आहेत, आणि तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल आणि औषधासोबतचं पत्रक यांत काही वेगळं असेल तर तेच पाळायचं.

१. डोस देण्याआधी नेमकं काय काय चेक करायचं?

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे तर सगळ्यांना पाठ असतं. अँटिबायोटिकसाठी त्यात अजून चार गोष्टी धरा: ॲलर्जी विचारली का, कल्चर (जंतू शोधायची तपासणी) पाठवलं का, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे, आणि पेशंटला दुसरी कोणती औषधं चालू आहेत. पेशंटला "तुम्ही अमुक का?" असं विचारू नका, झोपेत किंवा तापात माणूस कशालाही हो म्हणतो, त्याला त्याचं नाव सांगायला लावा आणि हातातल्या बँडशी जुळवा. वायलवरचं नाव तीनदा वाचा, कपाटातून काढताना, भरताना आणि पेशंटजवळ. सेफोटॅक्झिम, सेफ्टॅझिडिम, सेफ्ट्रिॲक्झोन ही नावं आणि वायल इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या झाकणाच्या रंगावर विश्वास ठेवला तर कधी ना कधी फसायला होतंच.

२. पेशंट म्हणतो "मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे". एवढ्यावरच औषध बदलायचं का?

डोस थांबवायचा, डॉक्टरांना सांगायचं, पण तिथेच सोडून द्यायचं नाही. पुढचे प्रश्न आपणच विचारायचे असतात. नेमकं काय झालं होतं? औषध घेतल्यावर किती वेळाने? किती वर्षांपूर्वी? तेव्हा ॲडमिट करावं लागलं का, श्वासाला त्रास झाला का, ओठ-जीभ सुजली का? त्यानंतर कधी अमॉक्सिसिलिन वगैरे घेतलं आणि काही झालं नाही असं आहे का?

हे का विचारायचं, तर पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या लोकांची नीट तपासणी केली की १० पैकी ९ हून जास्त लोकांना ते औषध चालतं. कुणाला लहानपणी जुलाब झाले होते, कुणाला मळमळ झाली होती, कुणाच्या आईला ॲलर्जी होती आणि ते याच्या पेपरवर चढलं. आणि "पेनिसिलिन ॲलर्जी" हा शिक्का एकदा बसला की पेशंटला आयुष्यभर दुसऱ्या नंबरची, जास्त त्रासदायक औषधं मिळत राहतात. म्हणून पेपरवर नुसतं "ॲलर्जी" लिहू नका, "अमॉक्सिसिलिनची दुसरी गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात अंगभर गांधी, ओठ सुजले, ५ वर्षांपूर्वी" असं लिहा. डॉक्टरांना त्या एका ओळीवर निर्णय घेता येतो. शिक्का काढायचा की नाही ते मात्र डॉक्टर ठरवणार, आपण आपल्या मनाने नाही.

३. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर सेफॅलोस्पोरिन पण बंद का?

पूर्वी १० टक्के लोकांना दोन्हींची रिॲक्शन येते असं शिकवायचे, तो आकडा खऱ्यापेक्षा खूप जास्त होता असं आता मानतात, प्रत्यक्षात प्रमाण बरंच कमी आहे. औषधाच्या रेणूची बाजूची साखळी सारखी असेल तिथे धोका जास्त, म्हणजे अमॉक्सिसिलिन-अँपिसिलिन आणि सेफॅलेक्सिन यांच्यात. सेफॅझोलिनची साखळी वेगळीच आहे. पण आधी ॲनाफायलॅक्सिस (श्वास, बीपीपर्यंत जाणारी जीवघेणी ॲलर्जी) झाला असेल किंवा अंगाची साल निघणारी रिॲक्शन झाली असेल तर हा हिशोब लावत बसू नका, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही.

४. टेस्ट डोस निगेटिव्ह आला म्हणजे बिनधास्त द्यायचं ना?

नाही. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. ज्याला आधी कधीच रिॲक्शन आलेली नाही अशा पेशंटच्या हातावर त्याच अँटिबायोटिकचा थेंब टोचून फुगा बघितला तर त्यातून पुढे काय होणार हे भरवशाने कळत नाही. ॲलर्जीचा संशय असलेल्या पेशंटची पेनिसिलिनची रीतसर स्किन टेस्ट वेगळी असते, तिला खास द्रावणं लागतात आणि ती शिकलेल्या माणसाने करायची असते. तुमच्याकडे टेस्ट डोसची पद्धत असेल तर ती पाळा, पण निगेटिव्ह आल्यावर पाठ फिरवून जाऊ नका. पहिल्या डोसच्या वेळी पहिली काही मिनिटं बेडजवळ थांबायचं आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवायचं, टेस्ट केली असेल तरी आणि नसेल तरी. आणि टेस्ट डोसनेसुद्धा रिॲक्शन येऊ शकते हे लक्षात असू द्या.

५. आधी कल्चर की आधी डोस?

आधी कल्चर, कारण एक डोस गेला तरी ब्लड कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता चांगलीच कमी होते. प्रौढांमध्ये दोन वेगळ्या जागांवरून दोन सेट, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त, आणि बाटलीचं रबर स्पिरीटने पुसून वाळू द्यायचं. पण पेशंट शॉकमध्ये (बीपी कोसळलेलं) असेल तर कल्चरसाठी ताटकळत बसायचं नाही. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिक ओळखल्यापासून १ तासाच्या आत गेलंच पाहिजे. शिर मिळत नाहीये, लॅबवाला येतोय, बाटली संपलीये, ही कारणं तिथे चालत नाहीत. अशा वेळी ज्या सुईने लाईन लावताय तिथूनच रक्त घ्या आणि लगेच डोस सुरू करा.

६. "दिवसातून तीनदा" आणि "दर ८ तासांनी" एकच ना?

अँटिबायोटिकच्या बाबतीत एकच समजू नका. सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ असं दिलं की रात्रीचे १२ तास पेशंट बिनऔषधाचा जातो. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम ही औषधं रक्तातली पातळी ठराविक रेषेच्या वर किती वेळ टिकते त्यावर काम करतात, म्हणून त्यांना अंतर सारखं लागतं. जेंटामायसिन, ॲमिकॅसिनचं उलट, त्यांचा जोर एकदम वर गेलेल्या पातळीवर असतो म्हणून ती बहुतेक वेळा दिवसातून एकदाच मोठ्या डोसमध्ये देतात.

अडचण कुठे होते तर पहिल्या डोसला. पेशंट दुपारी ४ ला ॲडमिट झाला, स्टॅट (लगेच द्यायचा) डोस गेला, आणि वॉर्डचं टायमिंग ६-२-१०. मग रात्री १० ला द्यायचा की १२ ला? बहुतेक बीटा-लॅक्टमच्या (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम वगैरे) बाबतीत दुसरा डोस थोडा अलीकडे घेऊन वॉर्डच्या वेळेत बसवलेला चालतो, पण जेंटामायसिन, ॲमिकॅसिन, व्हँकोमायसिन किंवा किडनीचा पेशंट असेल तर विचारल्याशिवाय अंतर कमी करायचं नाही. आणि कुठलंही औषध असो, दुसरा डोस सकाळवर ढकलू नका, सिरियस पेशंटला हा उशीर महागात पडतो.

७. डोस राहून गेला, आता काय?

लक्षात आल्याबरोबर डॉक्टरांना सांगून लवकरात लवकर द्या, खरी वेळ लिहा आणि पुढच्या वेळा त्यानुसार ठरवून घ्या. भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीही नाही. आणि उशिरा दिलेल्या डोससमोर चार्टवरची छापील वेळ टाकणं हे सगळ्यात वाईट, कारण पुढच्या शिफ्टची सिस्टर त्या वेळेवर विसंबून पुढचा डोस देणार आणि लेव्हल (रक्तातली औषधाची पातळी) घेतली असेल तर तिचाही अर्थ चुकणार.

८. वायल डायल्युट करताना काय सांभाळायचं?

हात धुवा, रबर पुसून वाळू द्या, आणि कशात विरघळवायचं ते पत्रकात बघा, सगळं सगळ्यात चालत नाही. अँपिसिलिन डेक्स्ट्रोजमध्ये लवकर खराब होतं, ते सलाईनमध्येच बनवा. सेफ्ट्रिॲक्झोन आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) कधीही नाही (कारण १२ मध्ये आहे). मसलमध्ये देण्यासाठी लिग्नोकेनमध्ये बनवलेलं सेफ्ट्रिॲक्झोन चुकूनही शिरेतून जाता कामा नये, त्या सिरिंजवर मोठ्या अक्षरात "आयएम" (म्हणजे मसलमध्ये) लिहा.

सेफ्टॅझिडिमची वायल बनवताना आत गॅस तयार होतो आणि प्रेशर येतं, पिस्टन आपोआप मागे येतो, ते बघून नवीन मुली घाबरतात. काही बिघडलेलं नसतं, वायल सरळ धरून प्रेशर जाऊ द्या, बुडबुडे बसले की मगच काढा. सेफ्ट्रिॲक्झोनचा फिकट पिवळा रंगही नॉर्मल आहे. गढूळ दिसलं किंवा कण दिसले तर मात्र फेकायचं.

लहान मुलांना वायलमधला अर्धा-पाव डोस देताना पावडरने घेतलेली जागा विसरू नका. ५ मिली पाणी घातलं म्हणजे एकूण ५ मिलीच झालं असं नसतं, पावडरमुळे ते थोडं जास्त भरतं आणि मग तुमच्या "१ मिली" मध्ये कमी औषध जातं. पत्रकात तो आकडा दिलेला असतो.

अजून एक, हे स्वतःसाठी: सिरिंजमधली हवा काढताना औषधाचा फवारा हवेत उडवू नका. वर्षानुवर्षं पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिनचे बारीक कण नाकात आणि हातावर जाऊन नर्सेसनाच ॲलर्जी झाल्याची उदाहरणं आहेत. ग्लोव्ह्ज घाला आणि हवा वायलमध्येच किंवा कापसात काढा.

९. कुठलं पुश (सिरिंजने थेट शिरेत) द्यायचं आणि कुठलं ड्रिपमध्येच?

व्हँकोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, क्लिंडामायसिन ही चार कधीही पुश नाही, हे बेडजवळ उभं असताना आठवलंच पाहिजे. ॲझिथ्रोमायसिन आणि सिप्रो किमान १ तास. क्लिंडामायसिन मिनिटाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने नाही, जोरात गेलं तर बीपी पडतं आणि हृदय बंद पडल्याच्याही नोंदी आहेत. व्हँकोमायसिन १ ग्रॅम किमान २०० मिलीत आणि किमान ६० मिनिटं, दीड ग्रॅम असेल तर ९० मिनिटं. जेंटामायसिन, ॲमिकॅसिनचा दिवसातून एकदाचा मोठा डोस ३० ते ६० मिनिटांत. सेफ्ट्रिॲक्झोन, मेरोपेनेम सावकाश पुश चालतं, पण सावकाश म्हणजे घड्याळ बघून ३ ते ५ मिनिटं, मनातल्या मनात ५ मिनिटं नाही. आयसीयूत मेरोपेनेम ३ तास किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४ तास लावायला सांगितलं तर ती चूक नसते, मुद्दाम तसं देतात, का ते ६ मध्ये आहे.

१०. व्हँकोमायसिन लावलं आणि पेशंट लालबुंद झाला, खाजवतोय. ॲलर्जी लिहू का?

आधी ड्रिप थांबवा, बीपी, पल्स, सॅच्युरेशन बघा, छाती ऐका, डॉक्टरांना बोलवा. चेहरा, मान, छातीचा वरचा भाग लाल आणि खाज, आणि श्वास व्यवस्थित, बीपी बरं, असं असेल तर ही बहुतेक वेळा औषध वेगाने गेल्याची रिॲक्शन असते, खरी ॲलर्जी नसते. डॉक्टर अँटीहिस्टॅमिन देऊन थोड्या वेळाने निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करायला सांगतात. पेपरवर "व्हँकोमायसिन इन्फ्युजन रिॲक्शन, अमुक वेगाला" असं लिहा. नुसतं ॲलर्जी लिहिलं तर उद्या या पेशंटला खरंच व्हँकोमायसिनच लागलं तर ते मिळणार नाही. घरघर, सूज, बीपी खाली असं काही असेल तर मात्र सरळ १३ वर जा.

११. बाटली रिकामी झाली म्हणजे डोस पूर्ण गेला ना?

नाही, आणि हे फार कमी लोकांना सांगितलं जातं. साध्या आयव्ही सेटच्या नळीत साधारण १५ ते २० मिली राहतं. १०० मिलीच्या बाटलीत औषध घातलं आणि बाटली संपल्यावर सेट काढून टाकला तर जवळजवळ पाचवा हिस्सा औषध कचऱ्यात गेलं, ५० मिलीत बनवलं असेल तर अजून जास्त. दिवसातून तीनदा, पाच दिवस असंच चाललं तर पेशंटला लिहिलेला डोस एकदाही पूर्ण मिळत नाही आणि आपण म्हणतो ताप का उतरत नाही. उपाय सोपा आहे, बाटली संपली की त्याच सेटमधून थोडं सलाईन त्याच वेगाने सोडा आणि नळीतलं औषध आत जाऊ द्या. त्याच वेगाने हे महत्त्वाचं, शेवटी फ्लश जोरात मारला तर नळीतलं व्हँकोमायसिन एकदम आत जातं.

१२. एकाच लाईनमधून दोन अँटिबायोटिक चालतात का?

एकाच वेळी, तपासल्याशिवाय नाही. एकामागून एक देताना मध्ये सलाईनचा फ्लश हवाच. पेनिसिलिन गटातली औषधं आणि जेंटामायसिन-ॲमिकॅसिन एका सिरिंजमध्ये किंवा एका बाटलीत मिसळली की जेंटामायसिन निकामी होतं, बघून काहीच कळत नाही, पाणी स्वच्छच दिसतं.

सेफ्ट्रिॲक्झोन आणि कॅल्शियम ही जोडी वेगळी लक्षात ठेवा. दोन्ही एकत्र आले की साका धरतो, आणि नवजात बाळांमध्ये हा साका फुफ्फुसात आणि किडनीत सापडून मृत्यू झालेले आहेत. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रिॲक्झोन द्यायचंच नाही, लाईन वेगळी असली तरी नाही. मोठ्यांमध्ये लाईन नीट फ्लश करून एकामागून एक चालतं, पण आरएलमध्ये कॅल्शियम असतं, म्हणून आरएल चालू असलेल्या वाय-पोर्टमधून (नळीच्या जोडातून) कधीच नाही.

१३. रिॲक्शन आली. पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

औषध बंद, मदतीला हाक, पेशंट आडवा, पाय वर. उलटी किंवा श्वासाचा त्रास असेल तर सोयीप्रमाणे, पण चक्कर येणाऱ्या पेशंटला उठवून बसवू नका, चालवत तर मुळीच नेऊ नका, एकदम उभं केल्यावर हृदय बंद पडू शकतं. आणि मग ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मसलमध्ये, १:१००० चं ०.५ मिली म्हणजे ०.५ मिलिग्रॅम. मुलांना किलोला ०.०१ मिलिग्रॅम, कमाल डोस तुमच्या प्रोटोकॉलप्रमाणे. ५ मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. ऑक्सिजन, मोठी लाईन, सलाईन भराभर. कॅन्युला काढू नका! घाबरून लोक पहिल्यांदा तीच उपटतात, आणि मग बीपी पडल्यावर शिर सापडत नाही. कॅन्युला ठेवा, सेट बदला, कारण जुन्या सेटमध्ये तेच औषध भरलेलं आहे.

हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉईड) आणि फेनिरामिन (अँटीहिस्टॅमिन) हे नंतरचं काम आहे, ते देऊन "बघूया" म्हणत थांबल्यामुळे ॲड्रेनॅलिनला उशीर होतो आणि माणसं त्या उशिरामुळे जातात. पुरळ आलंच पाहिजे असंही नाही, काही जणांना त्वचेवर काहीच दिसत नाही, नुसता बीपी पडतो किंवा घरघर लागते, किंवा "सिस्टर, मला कसंतरी होतंय, आता काही खरं नाही" असं पेशंट म्हणतो. हे वाक्य ऐकलं की भीती समजून समजूत काढू नका, बीपी लावा. बीटा-ब्लॉकर (बीपी-हृदयाची गोळी, उदा. मेटोप्रोलॉल) घेणाऱ्या पेशंटला ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी दिसू शकतो, तेव्हा डॉक्टरांना ते औषध चालू असल्याची आठवण लगेच करून द्या, ते ग्लुकॅगॉनचा विचार करतात. बरं वाटल्यावरही काही तास नजरेखाली ठेवा, काहींना दुसरी लाट येते.

१४. रिॲक्शन पहिल्याच डोसला येते ना? चौथ्या दिवशी पुरळ आलंय.

कधीही येऊ शकते. काही दिवसांनी येणारं साधं पुरळ बरंच कॉमन आहे. पण ताप, तोंडात-डोळ्यांत फोड, त्वचा दुखणं, साल निघणं यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून तातडीने डॉक्टर, को-ट्रायमॉक्सॅझोलच्या पेशंटला हे खास बघा. औषध सुरू होऊन २ ते ८ आठवड्यांनी ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि लिव्हर बिघडणं असंही रूप असतं, तेव्हा पेशंट घरी गेलेला असतो, म्हणून डिस्चार्जच्या वेळी सांगून ठेवा.

ॲलर्जीसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी: एपस्टाईन-बार व्हायरसच्या घसादुखीत अमॉक्सिसिलिन दिलं की अंगभर पुरळ येतं, आणि सिफिलिस किंवा लेप्टोमध्ये पहिल्या डोसनंतर काही तासांत थंडी वाजून ताप चढतो, तो जंतू मरताना होणारा त्रास असतो. दोन्ही वेळेला नर्सने नेमकं काय, केव्हा झालं ते लिहिलं तरच फरक ओळखता येतो.

१५. इंजेक्शनची जागा लाल आणि कडक झालीये, तरी त्यातूनच देऊ का?

नको. दुखतंय, लाल आहे, शिर दोरीसारखी लागतेय म्हणजे ती लाईन संपली, दुसरीकडे लावा. प्रत्येक डोसआधी सलाईनने फ्लश करून बघा, आणि चिकटपट्टीखाली जागा झाकलेली असेल तर उघडून बघा. लहान मुलं आणि बेशुद्ध पेशंट दुखतंय म्हणून सांगणार नाहीत.

१६. किडनी खराब आहे म्हणून पहिला डोस पण अर्धा द्यायचा का?

बहुतेक औषधांत पहिला डोस पूर्णच असतो, कमी करतात ते पुढचे डोस किंवा वाढवतात ते अंतर. सिरियस पेशंटला पहिलाच डोस अर्धा मिळाला तर पातळी वर यायला फार वेळ जातो. डायलिसिसचा दिवस असेल तर डोस आधी की नंतर हे विचारून घ्या, बऱ्याच औषधांचा डायलिसिसमध्ये निचरा होतो.

आपल्याला बघायचं काय तर युरिन आऊटपुट, रोजचं क्रिएटिनिन, आणि जेंटामायसिन-ॲमिकॅसिनवर असलेल्याला कानात आवाज, कमी ऐकू येणं, तोल जाणं. किडनीच्या पेशंटला सेफेपाईम चालू आहे आणि तो अचानक असंबद्ध बोलायला लागला, हातपाय झटकायला लागला, तर "वयामुळे होतंय" किंवा "आयसीयूत होतंच असं" म्हणून सोडू नका, औषध अंगात साठल्याने मेंदूवर परिणाम होतो, आणि हे सगळ्यात आधी बेडजवळच्या नर्सलाच दिसतं.

१७. औषधाच्या लेव्हलचं सँपल कधी घ्यायचं?

ट्रफ (डोसच्या आधीची सगळ्यात खालची पातळी) असेल तर पुढच्या डोसच्या साधारण अर्धा तास आधी. ज्या लाईनमधून औषध गेलं तिथून रक्त घेऊ नका, दुसऱ्या हातातून घ्या. आणि मागचा डोस खरोखर किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, रक्त किती वाजता घेतलं, या तिन्ही वेळा फॉर्मवर लिहा. वेळ नसलेला रिपोर्ट आकडा म्हणून छान दिसतो आणि त्यावरून डोस चुकीचा बदलला जातो.

१८. लूज मोशन सुरू झाले. थांबवायची गोळी देऊ का?

स्वतःहून नाही. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास, पोटदुखी, ताप असेल तर सी. डिफिसिलचा (अँटिबायोटिकनंतर आतड्यात वाढणारा जंतू) विचार करायला हवा, सँपल आधी, आतड्याची हालचाल थांबवणारी गोळी अशा वेळी घातक ठरू शकते. अशा पेशंटनंतर हात साबण-पाण्यानेच धुवा, या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. अँटिबायोटिक बंद होऊन काही आठवडे झाल्यावरही हे सुरू होऊ शकतं.

१९. गोळ्या जेवणाआधी की नंतर, दुधाबरोबर चालतात का?

डॉक्सीसायक्लिन आणि सिप्रोच्या गोळीबरोबर दूध, लोहाची गोळी, कॅल्शियम, अँटासिड नको, औषध त्यात बांधलं जातं आणि नीट शोषलं जात नाही. सिप्रो त्याच्या किमान २ तास आधी किंवा ६ तास नंतर. डॉक्सीसायक्लिन पूर्ण ग्लास पाण्याबरोबर, बसून, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम होते. झोपलेल्या पेशंटला रात्री १० ला घोटभर पाण्याबरोबर डॉक्सी देणं म्हणूनच चुकीचं. मेट्रोनिडॅझोलवर दारू नाही, कोर्स संपल्यावरही २-३ दिवस नाही. रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात हे आधीच सांगा, नाहीतर माणूस रक्त समजून घाबरतो आणि औषध सोडतो.

२०. आरटीमधून (नाकातून पोटात घातलेली नळी) गोळी कुटून दिली तर चालते का?

सगळी नाही. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटल्या की पूर्ण डोस एकदम सुटतो. सिप्रोचं सस्पेन्शन ट्यूबला चिकटतं, आणि सिप्रोची कुटलेली गोळी देताना फीड मध्ये थांबवावं लागतं, कारण १९ सारखंच. फार्मसिस्टला फोन करा, तेवढ्यासाठीच ते आहेत.

२१. बेंझाथीन पेनिसिलिन शिरेतून दिलं तर?

जीव जाऊ शकतो. हे दुधासारखं पांढरं औषध फक्त खोल मसलमध्ये. जाड सुई लागते, बारीकमध्ये अडकतं, आणि सावकाश पण न थांबता द्यायचं. "पेनिसिलिन" एवढंच ऐकून शिरेतल्या बेंझाईल पेनिसिलिनशी गल्लत करू नका, वायलवरचं पूर्ण नाव वाचा.

२२. पेशंटची नेहमीची औषधं चालू आहेत, कुठे थांबून विचारायचं?

फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट आणि नवीन मेरोपेनेम: व्हॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने पडते आणि फिट येऊ शकते, डोस वाढवूनही भागत नाही. वॉरफॅरिन आणि मेट्रोनिडॅझोल किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल: आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) चढतो, हिरड्यांतून रक्त, काळी संडास बघा. डिप्रेशनची गोळी आणि लिनेझोलिड: घाम, थरथर, अस्वस्थपणा, ताप आला तर इन्फेक्शन वाढलं असंच धरू नका. सिप्रो आणि टिझॅनिडिन एकत्र नाहीच.

२३. कोलिस्टिनची ऑर्डर कधी मिलिग्रॅममध्ये, कधी मिलियन युनिटमध्ये. काय धरायचं?

काहीही धरू नका, विचारा. यात मिलिग्रॅमसुद्धा दोन प्रकारचे असतात. १० लाख युनिट म्हणजे मीठ रूपात (कोलिस्टिमेथेट सोडियम) साधारण ८० मिलिग्रॅम आणि कोलिस्टिन बेस म्हणून साधारण ३० ते ३४ मिलिग्रॅम. म्हणजे चुकीचा प्रकार धरला तर डोस अडीचपट चुकतो, आणि हे औषध किडनीवर वाईट आहे. ऑर्डर आणि वायल एकाच मापात येईपर्यंत बनवायला घेऊ नका, आणि दुसऱ्या सिस्टरकडून स्वतंत्र हिशोब करून घ्या, तुमचा आकडा तिला आधी न सांगता.

२४. डोस जास्त वाटतोय पण सिनियर डॉक्टरांना कसं विचारू?

आकडे घेऊन विचारा. "सर, पेशंट ४५ किलो, क्रिएटिनिन ३.२, ॲमिकॅसिन १ ग्रॅम लिहिलंय, देऊ का कन्फर्म कराल?" यात कुणाचा अपमान नाही. उत्तर "दे" असं आलं आणि तरी पटत नसेल तर फार्मसिस्ट, इन्चार्ज सिस्टर, दुसरे डॉक्टर. फोनवर ऐकलेला डोस परत वाचून दाखवा आणि लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी राऊंडला "कल्चर रिपोर्ट आलाय, पेशंट तोंडाने खातोय, आयव्ही चालूच ठेवायचं का?" हेही नर्सने विचारायलाच हवं. ४८ ते ७२ तासांनी अँटिबायोटिकचा फेरविचार व्हायला पाहिजे आणि गरज नसलेला प्रत्येक डोस म्हणजे पेशंटला फुकटचा धोका आणि जंतूंना सराव.

२५. शेजारच्या बेडचं अँटिबायोटिक चुकून या पेशंटला गेलं. आता?

चालू असेल तर लगेच बंद. ॲलर्जी बघा, बीपी-पल्स-श्वास, डॉक्टरांना तेव्हाच कळवा, लपवून वाट बघू नका. काही लक्षण दिसलं तर १३ प्रमाणे. पेशंटला आणि नातेवाईकांना डॉक्टरांसोबत खरं सांगा. ज्याचा डोस होता त्याचा राहिलाय हे गडबडीत हमखास विसरलं जातं, त्याचा डोस ७ प्रमाणे भरून काढा. मग इन्सिडंट फॉर्म भरा, त्यात काय गेलं, किती मिली गेलं, कधी लक्षात आलं आणि दोन्ही बेडच्या ट्रे एकत्र ठेवल्या होत्या का, हेही लिहा.